सरकारी जाहिरात ओळखायची कशी?
उत्तर प्रदेशच्या डिजिटल माध्यम धोरणाने पुढे आणलेला प्रश्न

लखनौ : उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाने २७ ऑगस्ट २०२४ रोजी राज्याच्या डिजिटल माध्यम धोरणाला मंजुरी दिली, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने दोन गोष्टींची. एक्स, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील खातेधारकांना महिन्याला कमाल ५ लाख रुपये आणि यूट्यूबवरील चित्रफिती, शॉर्ट्स व पॉडकास्टसाठी कमाल ८ लाख रुपये देण्याची तरतूद, ही त्यातील पहिली. आक्षेपार्ह वा देशविरोधी मजकुरावर कारवाईचा इशारा, ही दुसरी. समर्थकांनी पहिल्या तरतुदीत रोजगाराची संधी पाहिली, तर विरोधकांनी दुसरीत गळचेपीची चाहूल ऐकली. या दोहोंच्या गदारोळात सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असलेला तिसरा प्रश्न मात्र मागे पडला. मोबाइलच्या पडद्यावर एखादा ओळखीचा चेहरा सरकारी योजनेची स्तुती करीत असेल, तर ते त्याचे स्वतःचे मत आहे की पैसे देऊन घेतलेली जाहिरात, हे पाहणाऱ्याला कळणार कसे?

हा प्रश्न केवळ लखनौपुरता नाही. राजस्थानात काँग्रेसचे सरकार असताना २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावशाली खातेधारकांना फॉलोअरच्या संख्येनुसार श्रेणी ठरवून सरकारी जाहिराती देण्याची योजना आखण्यात आली होती. कर्नाटकनेही २०२४ मध्ये डिजिटल जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने केंद्रीय संचार ब्युरोसाठी डिजिटल जाहिरात धोरण १० नोव्हेंबर २०२३ रोजी मंजूर केले. पक्ष कोणताही असो, जाहिरातीचा सरकारी पैसा वर्तमानपत्राच्या पानावरून मोबाइलच्या पडद्याकडे वळू लागला आहे. त्यामुळे उत्तर प्रदेशच्या निर्णयाकडे एका राज्याचा किंवा एका पक्षाचा निर्णय म्हणून न पाहता एका मोठ्या स्थित्यंतराचा ठळक नमुना म्हणून पाहणे अधिक योग्य ठरेल.

आश्रय आणि अंकुश

राज्यसत्ता आणि प्रसारमाध्यमे यांच्या नात्याचा लखनौला जुना अनुभव आहे. १८५७ च्या उठावानंतर शहर सावरत असताना, १८५८ मध्ये मुन्शी नवलकिशोर यांनी येथे छापखाना सुरू केला. पुढे उर्दू, हिंदी, फारसी आणि अरबी ग्रंथांच्या प्रकाशनासाठी हा छापखाना विख्यात झाला आणि त्यातून निघणारे ‘अवध अखबार’ उत्तर भारतातील महत्त्वाचे वृत्तपत्र बनले. या छापखान्याच्या उभारणीच्या काळात इंग्रज प्रशासनाकडून मिळणाऱ्या छपाईच्या कामांचा त्याला मोठा आधार होता. याच शहरात ८० वर्षांनी, १९३८ मध्ये, जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने ‘नॅशनल हेराल्ड’ निघाले. १९४२ च्या आंदोलनात ते बंद पडले आणि १९४५ पर्यंत निघू शकले नाही.

एका बाजूला आश्रय आणि दुसऱ्या बाजूला अंकुश, ही सत्तेच्या हातातील दोन जुनी साधने आहेत. २०२४ च्या धोरणात ती दोन्ही एकाच कागदावर आली, म्हणूनच त्याविषयी एवढी खळबळ उडाली. समाजवादी पक्षाचे अध्यक्ष अखिलेश यादव यांनी आणि काँग्रेसच्या नेत्यांनी जनतेच्या पैशातून सत्ताधाऱ्यांचा प्रचार होत असल्याचा आरोप केला. सरकारची भूमिका अशी की, कल्याणकारी योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्य असून आजचा नागरिक जेथे आहे तेथे शासनाने गेले पाहिजे.

सरकारच्या या युक्तिवादात तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास २० कोटी लोकसंख्या असलेल्या राज्यात योजनांची माहिती केवळ राजपत्र, फलक आणि वर्तमानपत्रांतील जाहिरातींतून तळापर्यंत पोहोचणे कठीण आहे. शिवाय राज्यातील लक्षावधी कुटुंबांतील कर्ती माणसे मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली अशा शहरांत कामाला आहेत. गावाकडील योजनेची बातमी त्यांना मोबाइलवरच मिळते. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली, तेव्हा अर्ज कसा भरायचा, कोणती कागदपत्रे लागतील, हप्ता कधी जमा होईल, हे सांगणाऱ्या मराठी चित्रफितींचा पूर आला होता. शासकीय कार्यालयाच्या खिडकीपेक्षा यूट्यूबवरचा सांगणारा जवळचा वाटतो, ही आजची वस्तुस्थिती आहे. तिची दखल घेणाऱ्या सरकारला दोष देण्याचे कारण नाही.

शोधयंत्राच्या पहिल्या पानाची स्पर्धा

तथापि, हा सांगणारा ज्या बाजारात काम करतो, त्या बाजाराचे नियम समजून घेतल्याशिवाय धोरणाचे परिणाम कळणार नाहीत. गेल्या दोन दशकांत सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे बोलीभाषेत एसईओ, आणि समाजमाध्यम विपणन हे दोन व्यवसाय देशभर वाढले. लोक गुगलवर नेमके कोणते शब्द टाकून शोध घेतात, ते हेरून त्याच शब्दांभोवती शीर्षक, मजकूर आणि चित्रफितीचे वर्णन रचणे, जेणेकरून आपले पान वरच्या क्रमांकावर दिसेल, हा एसईओचा गाभा आहे. समाजमाध्यम विपणनात शोधाऐवजी शिफारशीवर भर असतो. चित्रफीत किती वेळ पाहिली गेली, किती जणांनी ती पुढे पाठविली, किती प्रतिक्रिया आल्या, यांवरून ती आणखी किती जणांना दाखवायची, हे संगणकीय प्रणाली ठरविते. नोकरीच्या शोधातील अनेक तरुण अल्प मुदतीचे अभ्यासक्रम करून या व्यवसायात येतात. धोरण जाहीर करतानाही रोजगारनिर्मितीचा मुद्दा पुढे करण्यात आला होता.

सरकारी योजना हा या बाजारातील अत्यंत मागणी असलेला विषय आहे. योजनेचे नाव, ‘अर्ज कसा करावा’, ‘यादीत नाव कसे पाहावे’ असे शब्द मोठ्या प्रमाणावर शोधले जातात. साहजिकच त्यांभोवती खऱ्या माहितीबरोबर खोटी माहितीही उगवते. नसलेल्या योजनांची आश्वासने देणारी पाने आणि संदेश यांचे खंडन करण्याचे काम पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यपडताळणी विभागाला २०१९ पासून सातत्याने करावे लागत आहे. अशा वातावरणात शासनाने विश्वासार्ह माहिती देणाऱ्यांना बळ दिले, तर त्याचे स्वागतच व्हावे. अडचण निर्माण होते ती बळ कोणत्या मोजमापाने द्यायचे, या टप्प्यावर.

उत्तर प्रदेशच्या धोरणात खातेधारकांची वर्गवारी सबस्क्रायबर आणि फॉलोअरच्या संख्येनुसार चार श्रेणींत करण्यात आली. संख्येनुसार दर, ही वर्तमानपत्रांच्या खपाशी जुळणारी पद्धत वरकरणी न्याय्य वाटते. परंतु फॉलोअर ही विकत मिणारी वस्तू आहे, हे या व्यवसायातील उघड गुपित होय. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने जुलै २०२० मध्ये बनावट फॉलोअर विकणाऱ्या टोळीचा तपास सुरू केला, तेव्हा या धंद्याचे स्वरूप महाराष्ट्रासमोर आले. एका पार्श्वगायिकेच्या नावाने उघडलेल्या बनावट खात्याची तक्रार हे त्या तपासाचे निमित्त होते. यंत्राद्वारे चालणारी हजारो खोटी खाती तयार करून त्यांच्या करवी पसंती, प्रतिक्रिया आणि फॉलोअर पुरविण्याचा हा व्यवहार आहे. ज्या आकड्यावर सरकारी देयक ठरते, तोच आकडा फुगविता येत असेल, तर प्रामाणिकपणे स्थानिक माहिती देणारा मागे पडून आकडेमोडीत हुशार असलेला पुढे जाण्याचा धोका संभवतो. वर्तमानपत्रांच्या फुगविलेल्या खपाचा जुना आजार नव्या रूपात परत येण्याचाच हा प्रकार ठरेल.

केंद्राच्या २०२३ च्या धोरणाने या बाबतीत काही कुंपणे घातली. संकेतस्थळ वा ॲप किमान एक वर्ष जुने असावे, वापरकर्त्यांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असावी आणि दर स्पर्धात्मक निविदांतून ठरावेत, अशी त्याची दिशा आहे. ही कुंपणे परिपूर्ण नसली, तरी निव्वळ फॉलोअरसंख्येपेक्षा अधिक भक्कम आहेत.

खुणेचा प्रश्न

मूळ मुद्दा मात्र मोजमापाच्याही पलीकडचा आहे. वर्तमानपत्रातील सरकारी जाहिरात चौकटीत असते. तिच्यावर शासनाचे बोधचिन्ह असते, खाली विभागाचे नाव असते. वाचक ती वाचतो, पण ती जाहिरात आहे हे जाणून वाचतो. महाराष्ट्र शासनाचे ‘लोकराज्य’ हे मासिक घराघरांत वाचले गेले, स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी ते जपून ठेवले. पण ते शासनाचे मुखपत्र आहे, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता. सांगणारा कोण आहे, हे ठाऊक असल्यामुळे सांगण्यातील काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे वाचक स्वतः ठरवू शकत होता.

समाजमाध्यमांवरील प्रभावशाली व्यक्तीचे सामर्थ्य नेमके याच्या उलट आहे. प्रेक्षक तिला जाहिरातदार समजत नाही. ती घरातील, गल्लीतील, आपल्यातलीच वाटते. हा विश्वास हेच तिचे भांडवल असते आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते या विश्वासासाठीच. त्यामुळे पैसे घेतल्याची खूण चित्रफितीवर नसेल, तर प्रेक्षकाची दिशाभूल होते. ती चित्रफीत खरी माहिती देत असली तरीही ही दिशाभूल टळत नाही, कारण पैसे घेणारा सहसा खोटे बोलत नाही, तो काही गोष्टी बोलत नाही. योजनेचा लाभ किती, हे तो सांगेल. पण अर्ज महिनोन्‌महिने प्रलंबित का आहेत, किती नावे यादीतून वगळली गेली, तक्रार कोठे करायची, हे सांगेलच असे नाही. ज्या महिलेचा निर्णय त्या एका चित्रफितीवर अवलंबून आहे, तिच्यासाठी हे मौन महागात पडू शकते.

खाजगी जाहिरातींच्या क्षेत्रात या धोक्याची दखल आधीच घेतली गेली आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये प्रभावशाली व्यक्तींच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आणि पैसे घेऊन केलेल्या मजकुरावर स्पष्ट खूण बंधनकारक ठरविली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये अशाच सूचना दिल्या. जाहिरातदाराकडून पैसे, भेटवस्तू वा अन्य लाभ घेतला असेल, तर तो प्रेक्षकाला सहज दिसेल अशा रीतीने, साध्या भाषेत सांगितला पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खुद्द गुगलही पैसे देऊन मिळविलेल्या दुव्यांवर तशी तांत्रिक खूण असावी, असा आग्रह धरते आणि आपल्या शोधपानावरील जाहिराती ‘प्रायोजित’ म्हणून वेगळ्या दाखविते. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर सशुल्क प्रसिद्धी जाहीर करण्याची सोय उपलब्ध आहे.

म्हणजे एखाद्या तरुणीने साबणाची वडी फुकट मिळाल्यावर तिची स्तुती केली, तर तिने तसे सांगितले पाहिजे, हा नियम देशात रुजू लागला आहे. मग हजारो कोटींच्या सरकारी योजनेची स्तुती करणाऱ्याला वेगळा न्याय का असावा? ग्राहक संरक्षणाचे नियम वस्तू आणि सेवांच्या खरेदीदाराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. शासकीय योजनेचा लाभार्थी त्या अर्थाने ग्राहक ठरतो का, याविषयी वाद घालता येईल. त्यामुळेच या पोकळीत केवळ सर्वसाधारण नियमांवर विसंबून न राहता राज्यांनी आपल्या धोरणातच खुणेची अट निःसंदिग्धपणे नमूद करणे आवश्यक आहे. उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाच्या निर्णयानंतर प्रसिद्ध झालेल्या माहितीत भर होता तो श्रेणी, दर आणि आक्षेपार्ह मजकुरावरील कारवाईवर. प्रेक्षकाच्या जाणून घेण्याच्या हक्काची चर्चा त्या मानाने झालीच नाही.

न्यायालयाने आखलेली रेषा

सरकारी जाहिरातींची मर्यादा कोणती, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला होता. सरकारी जाहिरातींचा संबंध शासनाच्या घटनात्मक व कायदेशीर जबाबदाऱ्यांशी असावा, मजकूर वस्तुनिष्ठ व सुगम असावा, त्यातून सत्ताधारी पक्षाचे राजकीय हित साधले जाऊ नये, खर्च समर्थनीय आणि किफायतशीर असावा, अशी तत्त्वे त्यातून पुढे आली. जाहिरातींत कोणाची छायाचित्रे असावीत, यावरही न्यायालयाने बंधने घातली होती. ती २०१६ मध्ये शिथिल करून मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या छायाचित्रांना मुभा देण्यात आली. मात्र मजकुराविषयीची तत्त्वे कायम राहिली.

ही तत्त्वे लिहिली गेली ती मुख्यतः छापील आणि दूरचित्रवाणीवरील जाहिराती समोर ठेवून. पक्षाचा प्रचार आणि शासनाची माहिती यांतील सीमारेषा तेथेही पुसट होती, पण जाहिरातीचा मसुदा तरी शासनाच्या विभागाने मंजूर केलेला असे. आता चित्रफितीतील शब्द, सूर, चेहऱ्यावरील भाव, पार्श्वसंगीत हे सारे खातेधारकाचे असेल. तोच खातेधारक सकाळी सरकारी योजनेची सशुल्क माहिती देईल आणि संध्याकाळी विरोधी पक्षावर टीका करेल. यांपैकी पहिले काम त्याने पैसे घेऊन केले, हे कळले नाही तर दुसऱ्याचेही मोल प्रेक्षकाला ठरविता येणार नाही.

निवडणुकीच्या संदर्भात ही बाब अधिक गंभीर बनते. उत्तर प्रदेशच्या विद्यमान विधानसभेची मुदत २०२७ मध्ये संपते. आचारसंहिता लागू झाल्यावर सार्वजनिक पैशातून सत्ताधाऱ्यांच्या कामगिरीच्या जाहिराती देण्यास मनाई असते. निवडणूक आयोगाने २०१३ पासून समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणीकरण आणि खर्चाच्या हिशेबाचे नियम लागू केले आहेत. गुगल आणि मेटा या कंपन्याही २०१९ पासून भारतातील राजकीय जाहिरातींची नोंद जनतेसाठी खुली ठेवतात. परंतु या खुल्या नोंदींत दिसतो तो कंपन्यांना दिलेला पैसा. खातेधारकाला थेट मिळालेले मानधन तेथे आपोआप उमटत नाही. चित्रफीत एकदा चढविली की ती शोधयंत्रात वर्षानुवर्षे सापडत राहते. आचारसंहितेपूर्वी सरकारी खर्चाने तयार झालेली स्तुती मतदानाच्या आदल्या दिवशीही शोधाच्या पहिल्या पानावर असू शकते. वर्तमानपत्राची जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जात असे. ही जात नाही.

शिक्षेची संदिग्धता

धोरणाच्या दुसऱ्या बाजूलाही हाच स्पष्टतेचा अभाव दिसतो. मजकूर देशविरोधी, समाजविरोधी वा अश्लील असू नये आणि तसा आढळल्यास कायदेशीर कारवाई होईल, असे सांगण्यात आले. काही वृत्तांत तर जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा उल्लेख झाला आणि वादाला तोंड फुटले. वस्तुतः मंत्रिमंडळाच्या धोरणाने नवा गुन्हा किंवा नवी शिक्षा निर्माण होत नाही. त्यासाठी विधिमंडळाचा वा संसदेचा कायदाच लागतो. संदिग्ध शब्दांच्या आधारे समाजमाध्यमांवरील अभिव्यक्तीला गुन्हा ठरविणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरविले, त्यामागील प्रमुख कारणांत ही संदिग्धता होती.

पण प्रत्यक्ष खटल्याची गरज भासत नाही, हा खरा मुद्दा आहे. दरमहा काही लाख रुपये देणारा आणि कारवाईचा इशारा देणारा एकच असेल, तर खातेधारक स्वतःच सावध होतो. गावातील नादुरुस्त शाळेची चित्रफीत तो टाकणार नाही, कारण पुढील महिन्याच्या यादीतून नाव वगळले जाण्याची भीती त्याला असेल. जिल्हा वर्तमानपत्रे चालविणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सरकारी जाहिरातींवर तगलेल्या छोट्या पत्रांनी कोणत्या बातम्या आतल्या पानावर ढकलल्या, याच्या कहाण्या महाराष्ट्रातही कमी नाहीत.

उपाय अवघड नाहीत

या साऱ्यावर सरकारी पैसा डिजिटल माध्यमांत जाऊच नये, हा उपाय नव्हे. तो जाईलच आणि जाणे आवश्यकही आहे. प्रश्न आहे तो प्रकाशात जाण्याचा. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, शासनाच्या पैशातून तयार झालेल्या प्रत्येक चित्रफितीवर, संदेशावर आणि पानावर ‘शासनाची सशुल्क प्रसिद्धी’ अशी खूण प्रेक्षकाच्या भाषेत, सुरुवातीलाच आणि ठळक असावी. दुसरी, कोणत्या खात्याला कोणत्या योजनेसाठी किती रक्कम दिली, याची यादी माहिती अधिकाराच्या अर्जाची वाट न पाहता दर तिमाहीला संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावी. मध्यस्थ एजन्सीमार्फत दिलेल्या रकमाही तीत असाव्यात. तिसरी, देयक ठरविताना फॉलोअरसंख्येऐवजी स्वतंत्र तपासणीतून सिद्ध झालेली पोहोच आणि माहितीची अचूकता पाहिली जावी. निवड व वगळण्याचे कारण लेखी असावे, म्हणजे टीकेची शिक्षा म्हणून नाव कापले गेले, असा संशय उरणार नाही.

या तिन्ही अटींनी सरकारचा खर्च वाढत नाही, तरुणांचा रोजगारही बुडत नाही. उलट ज्याच्यावर खूण आहे ती माहिती अधिकृत आहे, हे कळल्याने खोट्या योजनांच्या नावाने फसवणूक करणाऱ्यांना आळा बसण्यास मदतच होईल. महाराष्ट्रासह जी राज्ये आपल्या डिजिटल प्रसिद्धीचा विस्तार करू पाहत आहेत, त्यांनाही हाच मापदंड लागू पडतो. शासनाने आपले काम सांगावे आणि पैसे देऊनही सांगवून घ्यावे. मात्र ते सांगणे शासनाचे आहे, हे ऐकणाऱ्याला पहिल्याच क्षणी कळले पाहिजे. कारण तो पैसाही त्याचाच आहे.